लाल उजेडातले बटाटे

काकूंनी ताटलीतला शेवटचा बटाटा गोल फिरवून कडेचं सगळं लोणी त्याला पुसून घेतलं, तो तोंडात टाकला आणि विचारलं, "आणखी आहेत?"

अंधारकाका ओट्यापाशी उभे होते. त्यांना आधी वाटलं, आपल्याला भास झाला. आठ महिन्यांत या बाईच्या तोंडून 'आणखी' हा शब्द निघाला नव्हता. 'पुरे', 'बास', 'तुम्हीच घ्या', 'संध्याकाळी खाईन' हे रोजचे शब्द. चार घास झाले की ताटली पुढे सरकायची आणि काका ती मुकाट्याने उचलायचे. आज ताटली आरशासारखी लख्ख होती, आणि ती पुढे सरकली होती ती आणखी मागायला.

"शिजवलेले संपले गं," काका म्हणाले. "दोन बेण्याला ठेवलेत, पुढच्या लावणीला."

"तेही टाका की उकडायला."

"अगं, अधाशासारखं काय करतेस!" काका ओरडले खरे, पण आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला त्यांनी तेलकट फडकं डोळ्यांना लावलं आणि मग डोळे जास्तच चुरचुरले.

अंधारकाका हे नाव त्यांना दवाखान्यात पडलं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी तिथे एक्स-रेच्या फिल्मा धुतल्या. बिनखिडकीची खोली, दाराला दुहेरी काळे पडदे, औषधांच्या तीन टाक्या आणि भिंतीवर एक लाल बल्ब. फिल्मला लाल उजेड दिसत नाही, म्हणून धुणाऱ्या माणसाला आपले हात दिसावेत एवढ्यापुरता तो. पांढऱ्या उजेडाची तिरीप जरी आत आली तरी फिल्म काळीठिक्कर पडायची, आणि मग मोडलेल्या हाताचा माणूस पुन्हा यंत्राखाली. म्हणून चुकून कुणी दाराला हात लावला, तर तो झाडूवाला असो की मोठे डॉक्टर, काका आतून अशी आरोळी ठोकत की बाहेरच्याचा हात जागच्या जागी थिजे. 'छत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही फिल्म काळी पडली नाही' हे वाक्य ते नव्या माणसाला ओळख झाल्यावर साधारण तिसऱ्या मिनिटाला सांगत.

मग यंत्रं बदलली. फिल्म गेली, हाडं थेट पडद्यावर दिसायला लागली आणि दवाखान्याला अंधाराची गरज उरली नाही. काकांना दोन वर्षं एका टेबलापाशी नोंदी करायला बसवलं आणि मग घरी पाठवलं. निरोपाच्या दिवशी काय हवं ते विचारलं, तर यांनी भिंतीवरचा लाल बल्ब मागितला. तो घेऊन घरी आले आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजत. निळ्या किती, पांढऱ्या किती. जेवायला उठवलं तर उठायचे, नाहीतर तेही नाही.

त्यांना त्या खुर्चीतून उठवलं ते काकूंच्या तापाने. काकू पंधरा दिवस अंथरुणाला खिळल्या, घरात तिसरं माणूस नाही, तेव्हा काकांनी जन्मात पहिल्यांदा पातेलं हातात घेतलं. काकूंचा ताप काकांना लाभला असं म्हणायला जीभ धजत नाही, पण खरं ते खरं. मीठ किती, आच किती, पाणी कधी घालायचं, यात त्यांना टाक्यांमधल्या औषधांसारखी गोडी लागली. ताप उतरला तरी त्यांनी ओटा सोडला नाही. रोज ताटली पुढे ठेवायची आणि समोर उभं राहून विचारायचं, "कसं झालंय?"

"छान झालंय," काकू म्हणायच्या. चार घास खायच्या. ताटली पुढे सरकवायच्या.

वजन अठ्ठावन्न होतं ते पंचेचाळीसवर आलं. तपासण्या झाल्या, सगळ्या निर्दोष. तपासणारे म्हणाले, आजार काही नाही, भूक मेलीय, खायला घाला. घाला म्हणायला काय जातं! काकांनी जंग जंग पछाडलं. सूप केलं, भाज्या केल्या, खिरी केल्या. सगळं छान व्हायचं आणि सगळं ताटलीत उरायचं. रात्री काकू कुशीवर वळल्या की त्यांच्या पाठीची हाडं पांघरुणावरून दिसायची. काकांनी आयुष्यभर माणसांची हाडं पाहिली होती, पण फिल्मवर. अशी बिनयंत्राची कधी पाहिली नव्हती. बायको आपल्या डोळ्यांसमोर विरघळत चाललीय, हे त्यांना कळत होतं.

एकदा उकडलेल्या बटाट्याचा घास घेऊन काकू सहज म्हणाल्या, "बटाटा बरा. मऊ असतो."

बुडत्याला काडीचा आधार. काकांनी ती काडी धरली. हिला बटाटा आवडतो, म्हणजे बाजारातला जुनाट, महिनोन्महिने थंड कोठारात पडलेला बटाटासुद्धा आवडतो, तर ताजा, त्याच दिवशी तोडलेला किती आवडेल? जमीन नव्हती, अंगण नव्हतं, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. पण काकांनी कुठेतरी पाहिलं होतं की हल्ली बटाटे मातीशिवाय होतात. मुळं हवेत लोंबती ठेवायची आणि त्यांच्यावर खताच्या पाण्याचा फवारा मारायचा. ते तडक रोपवाटिकेत गेले.

रोपवाटिकेतल्या बाईंनी पंप दिला, फवाऱ्याची तोंडं दिली, खताची पुडी दिली, कोंब फुटलेलं बेणं दिलं आणि बजावलं, "काका, एकच गोष्ट लक्षात ठेवा. वर पानांना उजेड आणि खाली मुळांना अंधार. पूर्ण अंधार हं."

काका गालात हसले. "बाई, अंधाराचं मला सांगू नका. पंपाचं सांगा."

"तसं नाही, उजेड लागला ना, की बटाटा..."

"हिरवा पडतो, खायचा नसतो. ठाऊक आहे हो. पंप किती मिनिटांनी लावायचा ते बोला."

बाईंनी पंपाचं सांगितलं. ज्याला सगळं ठाऊक असतं त्याला कोण आणखी काय सांगणार?

काकांनी स्वतःचं कपड्यांचं कपाट रिकामं केलं. काकू पलंगावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "कपड्यांच्या कपाटात बटाटे, मग बटाट्यांच्या टोपलीत काय तुमच्या विजारी ठेवायच्या?" काकांनी विजारी खरंच टोपलीत ठेवल्या. कपाटाच्या मधोमध पाच भोकांची फळी ठोकली. फळीच्या वर पांढऱ्या ट्यूब आणि पानं, फळीच्या खाली लोंबती मुळं आणि अंधार. हा खालचा मजला त्यांनी असा बंद केला की त्यांच्या जुन्या खोलीनेही तोंडात बोट घालावं. फळीभोवती काळं कापड, फटींना फिल्मच्या पाकिटांचा काळा कागद, दाराला दुहेरी पडदा. झाडं लावायच्या आधी स्वतः गुडघे पोटाशी घेऊन आत बसले आणि काकूंना बाहेरून दार लावायला सांगितलं. दहा मिनिटांनी आतून दबका आवाज आला, "एक किरण नाही!"

पण पंपाची एक धास्ती होती. पंप बंद पडला तर हवेतली मुळं अर्ध्या तासात सुकणार. वीज चालू आहे की नाही हे बाहेरून कळावं म्हणून काकांनी पंपाच्याच वायरीवर आपला लाल बल्ब जोडला आणि तो खालच्या मजल्यावर टांगला. दाराला नाण्याएवढं भोक पाडून त्याला लाल काच बसवली. लाल ठिपका दिसला म्हणजे पंपाला वीज आहे. काकांना या युक्तीचं फार कौतुक वाटलं. लाल उजेडाला ते उजेड समजतच नव्हते. लाल बल्ब म्हणजे अंधारच, फक्त माणसाला दिसणारा, ही त्यांची छत्तीस वर्षांची समजूत.

तेव्हापासून तो बल्ब रात्रंदिवस जळत राहिला.

रोज संध्याकाळी काका पडदे ओढत, खोलीतले दिवे घालवत आणि कपाटाचं खालचं दार उघडून समोर दोन स्टुलं मांडत. लाल उजेडात पांढरी मुळं दाढीसारखी लोंबत असत. महिनाभराने त्यांच्यातून जाडसर दोरे निघाले, दोऱ्यांच्या टोकाला मणी आले, मण्यांच्या सुपाऱ्या झाल्या. "हा बघ, हा कालपेक्षा फुगलाय," काका कुजबुजत. का कुजबुजत ते त्यांनाच माहीत. बटाटे काही दचकणार नव्हते. काकू त्यांच्या खांद्याला टेकून बसत. त्यांना बटाट्यांपेक्षा नवऱ्याकडे बघण्यात जास्त रस असायचा, पण हे काकांच्या लक्षात येत नव्हतं. कुठल्याही शेतकऱ्याने घातलं नसेल इतकं तेल त्यांनी डोळ्यांत घातलं होतं आणि ते डोळे फक्त बटाट्यांवर होते.

तीन महिन्यांनी नऊ बटाटे निघाले. लिंबापासून अंड्यापर्यंतचे. काकांनी ते लाल उजेडातच तोडले, कापडात घेतले आणि ओट्यावर आणून सोडले. तिथे खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं.

बटाटे हिरवट होते.

काका क्षणभर थबकले. बाजारात असा बटाटा दिसला की ते तो वेचून बाजूला टाकत. पण तो उजेड लागून हिरवा झालेला असतो. याला उजेड लागलेलाच नाही. मग हा हिरवा रंग तो हिरवा रंग नव्हे. हा कोवळेपणा असणार. कैरी हिरवी असते, काकडी हिरवी असते. आपण शहरातली माणसं, आपण झाडावरून उतरलेला बटाटा कधी पाहिलाय? मनाची एवढी समजूत घालायला त्यांना फार तर अर्धं मिनिट लागलं. दोन बटाटे त्यांनी बेण्याला ठेवले, सात सालासकट उकडले, सालीतच तर सत्त्व असतं म्हणून. वर लोणी, मीठ आणि मिरपूड. स्वतः चाखले नाहीत. त्यांना मधुमेह होता आणि बटाटा वर्ज्य. शिवाय, सातच तर होते.

आणि काकूंनी ते सातही खाल्ले.

जेवून काकू आडव्या झाल्या. काका भांडी घासताना गुणगुणत होते. आठवड्याला नऊ बटाटे हवे असतील तर किती झाडं लागतील याचा त्यांनी हिशेब केला आणि काकूंचं कपाटही रिकामं करावं लागेल असं ठरवलं.

चार वाजता आतून आवाज आला. काका धावत गेले तर काकू पलंगाच्या कडेला वाकून ओकत होत्या. काकांनी पाठीवरून हात फिरवला. रिकाम्या पोटाला एकदम इतकं झेपलं नाही, त्यांनी स्वतःला समजावलं. पण उलटी थांबेना. पोटात कळा येऊ लागल्या, काकू गुडघे छातीशी घेऊन कण्हायला लागल्या, अंग घामाने थंडगार पडलं. काकांनी मनगट धरलं, तर नाडी मधेच हरवायची आणि परत सापडायची.

"अहो," काकू पुटपुटल्या, "हे आपलं घर नाही. आपल्या घरी चला ना."

 काका अनवाणीच जिना उतरले. तळमजल्यावरचा टॅक्सीवाला दुपारची झोप काढत होता. त्याने काकांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता किल्ल्या उचलल्या. दोघांनी मिळून काकूंना खाली आणलं. पंचेचाळीस किलोंचं ओझं ते काय, पण काकांना ते पेलेना.

ज्या दवाखान्यात छत्तीस वर्षं मागच्या दाराने शिरले, तिथे काका आज पुढच्या दाराने शिरले. सलाईन लागलं, नळ्या लागल्या. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, काकांना ओळखत नव्हत्या. पेन उघडून त्यांनी विचारलं, "दुपारी काय खाल्लं होतं?"

"बटाटे. घरचे," काका म्हणाले, आणि काय सांगावं, तशाही वेळी त्यांच्या आवाजात किंचित अभिमान आलाच. "मी कपाटात पिकवलेले. मातीशिवाय."

पेन थांबलं. "हिरवे होते?"

"हिरवट. कोवळे होते ना."

"एखादा शिल्लक आहे?"

टॅक्सीवाला घराची किल्ली घेऊन गेला आणि बेण्याचे दोन बटाटे घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात एक स्टीलच्या ताटलीत चिरला. सालीखाली नखाएवढी जाड हिरवी कड होती. बाईंनी ताटली काकांसमोर धरली. "हा उजेडात वाढलाय. उजेड लागला की यात विष तयार होतं."

काका ताडकन उठले. "शक्यच नाही. बाई, मी याच इमारतीत छत्तीस वर्षं फिल्मा धुतल्या. माझ्या हातून एकही काळी पडली नाही. आत मी स्वतः बसून पाहिलंय. एक किरण नव्हता."

"एकही दिवा नव्हता आत?"

"नाही. म्हणजे लाल बल्ब होता. पण तो..."

काकांची नजर ताटलीतल्या हिरव्या कडेवर गेली.

"किती वेळ चालू असायचा?" बाईंनी हळू विचारलं.

"कायम."

"काका, लाल उजेड फिल्मला दिसत नाही. झाडाला दिसतो. झाडाला तर तोच जास्त दिसतो."

काका खाली बसले. दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्यांना माहीत असतं. काकांनी अंधारातच दिवा टांगला होता आणि तीन महिने रोज त्याच्या समोर बसून बटाटे कसे फुगतात ते कौतुकाने पाहिलं होतं. ज्या एकाच गोष्टीत आपल्याला कुणी शिकवू शकत नाही असं त्यांना वाटायचं, तिथेच ते चुकले होते. आणि चूक फिल्मवर झाली नव्हती. ती पडद्यापलीकडच्या खाटेवर कण्हत होती.

"वाचेल ना?" त्यांनी विचारलं.

"पोट रिकामं झालंय हे चांगलं झालं. पण अंगात ताकद नाही त्यांच्या. आजची रात्र लक्ष ठेवू."  मग बाईंचा आवाज कोरडा झाला. "मला एक कळत नाही. असा बटाटा कडूजहर असतो. एक घास गिळवत नाही. यांनी सात खाल्ले. तुम्ही बळजबरी केली होती का?"

"बळजबरी?"

"खायचं म्हणून मागे लागला होतात का?"

काकांच्या कानशिलात कुणी लगावली असती तरी बरं वाटलं असतं. त्यांनी ताटलीतली चकती उचलली आणि कुणी अडवायच्या आत जिभेवर ठेवली. आधी कडू लागलं, मग जळजळ सुरू झाली, घशापर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंनी ओरडून त्यांना थुंकायला लावलं, पाणी दिलं, पण तासभर ती चव जाईना.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर काका रात्रभर बसून होते. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ही चव तिला लागली. पहिल्या घासालाच लागली असणार. आणि समोर मी उभा होतो, हातात फडकं घेऊन, दात काढून. माझा विरस नको म्हणून तिने सात बटाटे गिळले, वर आणखी मागितले. बळजबरी ती आणखी काय असते? बायकोचा जीव वाचवायला निघालेल्या माणसाने बायकोला विष चारलं आणि तिने ते हसत खाल्लं. काकांना स्वतःची किळस आली. पहाटे सिस्टरने येऊन सांगितलं, नाडी सुधारली, धोका टळला. तेव्हा ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

सकाळी काकू शुद्धीवर होत्या. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, पण नजर ताळ्यावर. काका स्टूल ओढून बसले. रात्रभर त्यांनी माफीची वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"का खाल्लंस?" ते एवढंच म्हणाले. "इतकं कडू होतं. थुंकून टाकायचं. माझ्या तोंडावर फेकायचं."

काकूंनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "कडू होतं?"

काकांना वाटलं, अजून भ्रमातच आहे. त्यांनी सिस्टरला हाक मारायला मान वळवली, तशी काकूंनी त्यांची बाही धरली.

"अहो, बसा. मला नाही कळलं कडू आहे ते."

"म्हणजे?"

"कडू कळत नाही, गोड कळत नाही, खारट कळत नाही, तिखटसुद्धा कळत नाही. वासही येत नाही. तो ताप गेला ना, त्याच्याबरोबर सगळं गेलं." काकू छताकडे बघत बोलत होत्या. "आठ महिने झाले. तोंडात नुसतं मऊ असतं नाहीतर कडक असतं. कापूस चघळल्यासारखं. किती चघळणार माणूस?"

 हे बोलणं काकांच्या कानात शिरत होतं, पण पुढे जात नव्हतं.

"अगं, पण तू रोज छान म्हणायचीस."

"म्हणायचे."

"त्या दिवशी सुपात मिठाऐवजी साखर पडली होती. मी माझी वाटी ओतून दिली. तूसुद्धा छान म्हणालीस. मला वाटलं, चेष्टा करतेयस."

"साखर पडली होती होय?" काकू म्हणाल्या. "मला कुठे ठाऊक."

आठ महिने. दिवसाला दोन जेवणं. काकांनी आच मोजली होती, मीठ चिमटीने तोललं होतं, एकेका मसाल्यासाठी पाच दुकानं पालथी घातली होती. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि रोज दोनदा ही बाई त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलली होती, इतक्या सफाईने की छत्तीस वर्षं माणसांच्या आरपार बघितलेल्या माणसाला संशयही आला नाही. त्यांना राग आला. खाटेवर अर्धमेल्या पडलेल्या बायकोचा राग आला, आणि राग आला म्हणून शरम वाटली.

"सांगितलं का नाहीस? मला नाही, तर डॉक्टरला तरी?"

"डॉक्टर विचारायचे तेव्हा तुम्ही शेजारीच असायचात." काकूंनी त्यांच्याकडे मान वळवली. "तुम्ही त्या खिडकीतून उठला होतात हो. दोन वर्षांनी उठला होतात. चव लागत नाही म्हटलं असतं, तर कुणासाठी रांधलं असतंत? परत जाऊन बसला असतात गाड्या मोजत. मला ते बघवत नव्हतं. त्यापेक्षा कापूस परवडला."

  मग काकांना जे राहून राहून टोचत होतं ते बाहेर आलं. "मग काल का खाल्लंस सगळं? काल तर मी आग्रहसुद्धा केला नाही."

काकूंच्या चेहऱ्यावर अचानक काहीतरी उजळलं. त्या कोपरावर उठायला गेल्या, पण सलाईनच्या नळीने त्यांना अडवलं.

"काल लागलं," त्या म्हणाल्या. "काहीतरी लागलं हो! पहिला घास घेतला आणि जीभ चुरचुरली. मग घशात जळजळलं. आठ महिन्यांनी माझ्या तोंडात काहीतरी झालं! मला वाटलं, आली. चव परत आली. भीती वाटली की थांबले तर परत जाईल. म्हणून खात सुटले. तुम्हाला सांगणारच होते, म्हटलं आधी पोटभर खाऊन घेऊ." त्या दमून उशीवर टेकल्या. "पहाटे सिस्टर म्हणाल्या, विष होतं ते. असेल. पण काय सांगू, मला काय बरं वाटत होतं खाताना."

हे ऐकायची काकांची तयारी नव्हती. बायको रागावेल, रडेल, माफ करेल, या सगळ्याची तयारी होती. आठ महिन्यांत आपल्या हातचं एकच जेवण हिला पोहोचलं आणि ते हे, याची नव्हती. ते नुसते तिच्या हाताकडे बघत बसले, सुई टोचलेल्या, काळ्यानिळ्या पडलेल्या हाताकडे.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा काकाच बोलले. काकूंनी डोळ्यांनी नको नको केलं, तरी बोलले. "हिला आठ महिने चव नाही. वासही नाही. लिहून घ्या." बाईंनी लिहून घेतलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, हे आधी कळायला हवं होतं, नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू, कधी कधी परत येते, कधी नाही येत. आत्ता पोटात काहीतरी पातळ जाऊ दे.

दवाखान्याचं सूप आलं. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी एक चमचा घेतला आणि वाटी आदळली. "यात मीठ नाही, मिरी नाही. भांडी विसळून आणलीत का?"

काकांनी वाटी हातात घेतली, चमचा भरला, फुंकर मारली आणि काकूंच्या ओठांना लावला. काकूंनी घोट गिळला. काकांच्या ओठांवर नेहमीचा प्रश्न आला आणि त्यांनी तो आवरला.

"काहीच लागत नाही," काकू आपणहून म्हणाल्या.

 काकांनी दुसरा चमचा भरला.

"काही नाही," काकू म्हणाल्या.

तिसरा. थोडं सूप हनुवटीवर सांडलं. काकांनी ते अंगठ्याने पुसलं.

"गरम आहे पण," काकू म्हणाल्या. "घशाला बरं वाटतंय."

चौथ्याला काही नाही. पाचव्याला काही नाही. प्रत्येक वेळी काकांना नव्याने धक्का बसत होता, आणि ते पुढचा चमचा भरत होते. अर्धी वाटी झाली तसे ते थांबले. एरवी चार घासांच्या वर काकू कधी जात नसत.

"बास करू?"

"नको," काकू म्हणाल्या. "भरवा."

काका भरवत राहिले. वाटी संपली, आणि काकूंनी एकदाही छान म्हटलं नाही.